रांगेत पहिला मी

...आणि वर मलाच म्हणतात, काका, जरा आवरा! आता तुम्हीच सांगा, मी काय कुणाची वाट अडवतो का? मी आपला पिशवी घेऊन उभा असतो, समोर टोमॅटो असतात, मी विचारतो टोमॅटो कसे दिले, एवढंच. पण विचारायला मला वेळ लागतो. लागतो, नाही कोण म्हणतंय. आमची ही म्हणते, तुम्ही "चहा" म्हणालात की मी आधण ठेवते, तुमचं "टाकतेस का" येईपर्यंत चहा गाळून होतो. मी कमी बोलणारा माणूस. विचारा कुणालाही. जन्मभर कुलुपं दुरुस्त केली, किल्ल्या घासल्या, आणि कुलपाशी काही बोलावं लागत नाही, कानाशी धरायचं आणि ऐकायचं. आणि आमचं गिऱ्हाईक तरी कसलं, तर दार बंद होऊन बाहेर राहिलेलं, गॅसवर दूध ठेवून आलेलं, त्यामुळे बोलायचं ते सगळं तेच बोलायचं, मी आपला हूं म्हणायचो. मग सवय राहिली ती राहिलीच.

तर तुम्हाला सांगतो, हा शनिवारचा बाजार. मोठा नाही, सगळा मिळून एका अंगणाएवढा. मधे एक जुनं झाड, झाडाखाली सावली, आणि सावलीत जुनी मंडळी, पिढ्यान्‌पिढ्या बसल्यासारखी. जो पिकवतो त्यानंच विकायचं, असा तिथला नियम. आणि नियम सांभाळायला एक बाई, गळ्यात शिट्टी, पायात बूट, चालायला लागल्या की कोंबड्यासुद्धा बाजूला होतात. सगळे त्यांना बाजारबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत.

ह्या बाजारात आमच्या धाकटीनं टेबल मांडलं.

थांबा, हे असं पटकन सांगून चालणार नाही. धाकटी म्हणजे माझी मुलगी. काचेच्या इमारतीत कामाला होती, गोल फिरणारी खुर्ची होती तिला, मी एकदा बसून आलोय, चांगली खुर्ची होती. एक दिवस घरी आली आणि म्हणाली, बाबा, मी सोडली नोकरी, मी शेती करणार. हिच्या हातातला चमचा पडला. मी म्हणालो, हूं. आता ह्या "हूं"चा तिनं काय अर्थ लावला ते मला फार उशिरा कळलं, त्याच्यावर मी येतोच, पण मला आपलं आधी वाटलं होतं की चांगलं "हूं" झालं.

बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मागे एक तुकडा मिळाला तिला. जमीन कसली, नुसता विटांचा चुरा आणि बाटल्यांच्या काचा. त्यातून टोमॅटो काढले तिनं! आणि काकड्या, आणि लाल भोपळे. आणि आली बाजारात. आता नवीन माणसाला बाजारबाई झाडाखाली बसवत नाहीत. नवीन माणूस फाटकापाशी, कचऱ्याच्या पिंपांच्या बाजूला. तीन शनिवार तिथे बसायचं, तिसऱ्या शनिवारी बाई येऊन बघणार, गिऱ्हाईक लागलं असेल तर राहा, नसेल तर उठा, मागे दुसरा टपून बसलेलाच असतो.

पहिल्या शनिवारी कोणी आलं नाही. दुसऱ्या शनिवारी एक बाई आल्या, त्यांनी कचऱ्याचं पिंप कुठलं ते विचारलं.

आणि मग ते टोमॅटो घरी. तुम्हाला सांगतो, आमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही, मोरीत टोमॅटो, कपाटावर टोमॅटो, माझ्या अवजारांच्या पेटीवर टोमॅटो. ही शेजारी वाटून आली, मग त्या शेजारच्यांच्या शेजारी वाटून आली, शेवटी असं झालं की आमच्या इमारतीत कुणाच्या दारावर टकटक केली की आतून आवाज यायचा, "टोमॅटो आहेत, नकोत!"

त्या संध्याकाळी धाकटी दारात बसून बूट काढत होती. बुटाची नाडी सोडता सोडता मला म्हणाली, "बाबा, तुम्ही काहीच बोलत नाही."

मी म्हणालो, "काय बोलू?"

झालं. उठली, आत गेली. मी आपला बसून राहिलो, कारण मला खरंच विचारायचं होतं, काय बोलू, म्हणजे कुठून सुरुवात करू, एवढं सगळं होतं. मी मनात वाक्य जुळवत होतो. चांगलं वाक्य होत होतं. ते पुरं झालं तेव्हा ती झोपली होती.

मग ही स्वयंपाकघरातून आली आणि मला जे झापलं, जे झापलं! म्हणाली, पोरीला वाटतंय तुम्ही रागावलात, खुर्ची सोडली म्हणून तुम्हाला तिची लाज वाटते. लाज? मला? मी म्हणालो, अगं... एवढ्यात तिनं पुढचं सगळं स्वतःच बोलून टाकलं, माझंही आणि तिचंही. आणि शेवटी म्हणाली, "अहो, रिकाम्या दुकानात कोणी शिरत नाही. तुम्ही शिरता का? शनिवारी तुम्ही जायचं आणि तिच्या टेबलासमोर गिऱ्हाईक म्हणून उभं राहायचं. एक माणूस दिसला की दुसरा येतो."

मी म्हणालो, तू जा की. तर म्हणते, माझं आणि तिचं तोंड एका साच्यातलं, आंधळ्यालाही कळेल. तुमच्यासारखी ती कुठूनच दिसत नाही, देवाची कृपा. आणि बजावून सांगितलं, तिला आधी कळता कामा नये, कळलं तर ती नको म्हणेल. ओळख दाखवायची नाही, बाळ म्हणायचं नाही, ताई म्हणायचं आणि भाव विचारायचा.

आता मी कमी बोलणारा माणूस. मला हे असलं काम?

तरी गेलो. इस्त्रीचा सदरा घातला, पिशवी घेतली, फाटकातून आत शिरलो. धाकटी टेबलामागे उभी, सगळे टोमॅटो फडक्यानं पुसून चकचकीत केलेले, देठ सगळे एका बाजूला. कुणी नव्हतं समोर. पिंपावर एक कावळा होता. मला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला, म्हणाली, "बाबा..."

मी डोळा मारला. म्हणजे मारायला गेलो. मला एक डोळा मिटता येत नाही, दोन्ही मिटतात, आणि मिटले की मी जरा झुकतो. तिला वाटलं मला घेरी आली. धावत टेबलाला वळसा घालून आली, स्टूल दिलं, पाणी दिलं, हाताला धरून बसवलं. मी हळूच म्हणालो, मी गिऱ्हाईक आहे. ती म्हणाली, काय? मी म्हणालो, तुझ्या आईनं सांगितलंय. मग कळलं तिला. आईनं सांगितलंय म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांनाच सगळं कळतं. मान हलवली तिनं आणि टेबलामागे गेली.

एवढ्यात मागून आवाज, "बघा, म्हाताऱ्या माणसाला पाणी दिलं. आजकाल कोण देतं?" एक टोपीवाल्या बाई माझ्यामागे उभ्या राहिल्या होत्या. झालं, आता आली पंचाईत! मागे खरं माणूस. आता बोलणं भाग. मी स्टुलावरून उठलो आणि म्हणालो, "ताई..."

स्वतःच्या मुलीला ताई म्हणून बघा कधी. जीभ उचलत नाही हो. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून माझ्या कानात फुंकर मारायची ती, तिला ताई! मी "ताई" म्हणालो आणि तिथेच अडकलो. पुढचं वाक्य काही येईना. काय करावं सुचेना, म्हणून हाताला लागला तो भोपळा उचलला, आणि सवय वाईट, कानाशी धरला आणि बोटानं वाजवला. कुलूप वाजवतो तसा.

टोपीवाल्या बाई पुढे वाकल्या. "काय ऐकू येतं?"

मी म्हणालो, "अजून काही नाही."

त्या म्हणाल्या, "मग थांबते." आणि थांबल्या की खरंच! त्यांच्यामागे एक कुत्रेवाला येऊन उभा राहिला, त्यानं त्यांना विचारलं, काय आहे? त्या म्हणाल्या, हे काका भोपळा ऐकतायत, जाणकार दिसतात. मला भोपळ्यातलं काय कळतं? मला भोपळा कापतासुद्धा येत नाही. पण आता ठेवायचा कसा? एक ठेवला, दुसरा उचलला. कुत्रेवाल्याचा कुत्रा बसला खाली. आणि कुत्रा बसलेला बघितला की लोकांना वाटतं रांग जुनी आहे. मागे एक जोडपं आलं, त्यांच्यामागे एक शिंपीण आली, गळ्यात टेप तशीच, तिच्यामागे कोण कोण मला दिसलंच नाही. आणि पुढे मी! मी हललो तर रांग हलणार, आणि मी हलणार कधी, तर माझं वाक्य झाल्यावर.

"ताई, टोमॅटो..." म्हणालो मी.

"हां, टोमॅटो," मागून तीनचार जण म्हणाले, मला हात द्यावा तसे.

शेजारच्या टेबलावर एक मधवाला. बरणीत मध आणि जिभेवर मिरची. मला म्हणतो, "काका, टोमॅटो घ्यायचेत की टोमॅटोला स्थळ बघायला आलात?" सगळे हसले. धाकटीसुद्धा हसली, खाली मान घालून, मी बघितलं. मग तो माझ्याकडे झुकला आणि हळूच म्हणाला, जरा जपून हं काका, गेल्या वर्षी एकानं मेव्हण्याला गिऱ्हाईक म्हणून उभं केलं होतं, बाईंनी दोघांना टोपल्यांसकट बाहेर घातलं, पुन्हा म्हणून फाटकात पाऊल नाही.

म्हणजे मी तिची जागा राखायला आलो आणि माझ्यामुळेच जाणार! मी निघायला वळलो, तर टोपीवाल्या बाई म्हणतात, "अहो, आता कुठे निघालात, एवढं थांबून?" आणि मला खांद्याला धरून परत टेबलाकडे वळवलं. आणि तेवढ्यात शिट्टी.

बाजारबाई. रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली होती, सायकलींना वाट नव्हती, म्हणून आल्या होत्या. रांगेच्या कडेकडेनं, पुढे पुढे, आणि पुढे कोण, तर मी, दोन्ही हातांत भोपळा. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काका, मघापासून उभे आहात म्हणे. एवढं आहे काय ह्या टेबलावर?"

आता तुम्हाला सांगतो, हिनं मला घरून पढवून पाठवलं होतं. म्हणायचं, माल ताजा आहे, स्वस्त आहे, आम्ही नेहमी इथूनच नेतो. पाठ होतं मला. मी तोंड उघडलं. आणि समोर धाकटी उभी, हातात रिकामा तराजू, ओठ घट्ट मिटलेले. तिचं नख मला दिसलं. अंगठ्याचं, काळं पडलेलं. आणि ते त्या दिवशीचं वाक्य, जे पुरं होईपर्यंत ती झोपली होती, तेच आलं तोंडात. मी काय करू?

मी म्हणालो, "बाई, ह्या मातीत काचा होत्या. हिनं त्या हातानं वेचल्या. चाळणीनं माती चाळली, सगळी थंडी. संध्याकाळी घरी आली की आईनं बघायच्या आधी मोरीत जायची, हात धुवायची, बोटं दिसू नयेत म्हणून. पहिली रोपं उन्हानं गेली. सगळी. मी डबा द्यायला गेलो होतो, ही त्या वाळलेल्या रोपांपाशी बसलेली. मला वाटलं, आता रडेल, आता म्हणेल की चुकलं. उठली, कपडे झटकले आणि मला म्हणाली, डब्यात काय आहे. जेवली, आणि दुसरी रोपं आणायला गेली. मी जन्मभर बंद दारं उघडली, बाई. पण माझ्याकडे किल्ल्या होत्या. हिच्याकडे काही नव्हतं. ही नुसती दाराशी बसून राहिली, दार उघडेपर्यंत."

एवढं मी कधी बोललो नव्हतो. माझ्या लग्नात नाही. कुत्र्यानंसुद्धा कान उभे केले.

बाजारबाई म्हणाल्या, "आणि हे सगळं तुम्हाला कसं माहीत?"

आता इथे गप्प बसायचं ना माणसानं? जन्मभर बसलो की गप्प, मग इथेच काय झालं होतं? पण मला इतका वेळ ताई, ताई करून घुसमटायला झालं होतं. मी म्हणालो, "बाप आहे मी तिचा."

मधवाल्यानं कपाळाला हात लावला. मी धाकटीकडे बघितलं. तिनं तराजू खाली ठेवला. म्हणाली, "बाबा, हे मला का नाही सांगितलंत कधी?"

"सांगणारच होतो," मी म्हणालो. "वाक्य होत होतं."

ती रडली नाही, आमच्यात रडत नाहीत पटकन, तिनं फक्त माझ्या हातातला भोपळा काढून घेतला आणि माझा हात तसाच धरून ठेवला. तिचा हात खरखरीत झालाय. मला माझाच हात धरल्यासारखं वाटलं. आता बाजारात सगळ्यांसमोर... जाऊ दे.

पण बाजारबाई समोरच. शिट्टी हातात. "म्हणजे घरचं माणूस उभं केलंत," म्हणाल्या, "खोटं गिऱ्हाईक." आणि रांगेकडे वळल्या, "आणि हे बाकीचे कोण? मावश्या, आत्या?" टोपीवाल्या बाई म्हणाल्या, मी ह्यांना आयुष्यात आज पहिल्यांदा बघतेय. कुत्रेवाला म्हणाला, मी रांग दिसली म्हणून उभा राहिलो. त्याच्यामागचा म्हणाला, मी कुत्रा दिसला म्हणून. बाई एकेकाला विचारत पार रस्त्यापर्यंत गेल्या, तर शेवटचा माणूस त्यांनाच विचारतो, "इथे मिळतं काय?"

परत आल्या. म्हणाल्या, "ह्या काकांनी काय काय घेतलं?"

"काही नाही हो!" टोपीवाल्या बाई करवादल्या. "तिथेच तर आम्ही सगळे खोळंबलोय."

बाजारबाईंनी माझी रिकामी पिशवी उघडून बघितली आणि म्हणाल्या, "काही घेतलंच नाही, तर हे गिऱ्हाईकच नव्हेत. खोटे तरी कसे म्हणू?" आणि धाकटीला म्हणाल्या, आणि हे मी शब्दाला शब्द सांगतो, कारण आमच्या हिला मी हे अजून रोज सांगतो, "तुला फाटकापाशी बसवून चालणार नाही. रस्ता अडतोय. उचल टेबल, झाडाखाली चल."

टेबल कुणी उचललं माहितीये? रांगेनं. टोपीवाल्या बाईंनी एक पाय धरला, कुत्रेवाल्यानं दुसरा, शिंपिणीनं भोपळे ओच्यात घेतले, आणि सगळी रांग तशीच्या तशी, कुणी आपला नंबर न सोडता, फाटकापासून झाडापर्यंत सरकली. पुढे मी. रिकाम्या हातानं, पण पुढे! मला कुणी कधी मिरवणुकीत पुढे घातलं नव्हतं.

तेव्हापासून धाकटी झाडाखाली. आणि मी? मी आता जातो तो रांगेत उभा राहायला. खऱ्या रांगेत, शेवटी. आणि मागचे लोक म्हणतात, काका, जरा आवरा. माझ्याच मुलीच्या टेबलासमोर! एकदा एका गृहस्थांनी मला रांगेत समजावून सांगितलं की ह्या ताईंनी म्हणे मातीतल्या काचा हातानं वेचल्या. मी म्हणालो, हो का? त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, रोपं, डबा, सगळं, थोडं वाढवूनच. मी सगळं ऐकून घेतलं. मध्येच संपवलं त्यांनी, तर मी म्हणालो, आणि चाळणीचं? कमी बोलणारा माणूस मी, पण ऐकायला मला काही हरकत नाही.

आता गेल्या शनिवारी काय झालं. ही म्हणाली, टोमॅटो आणा. गेलो, रांगेत उभा राहिलो, सरकत सरकत पुढे आलो, "टोमॅटो..." म्हणालो, आणि धाकटी म्हणाली, "संपले, बाबा."

संपले! ऐकलंत तुम्ही? ज्या घरात मोरीत टोमॅटो होते, त्या घरच्या माणसाला टोमॅटो संपले! मी तिला म्हणालो, पुन्हा म्हण. ती म्हणाली, "संपले, बाबा, खरंच." काय छान वाटलं ऐकायला. मी आणखी एकदा म्हणायला लावणार होतो, पण मागचे गृहस्थ खाकरले.

पण आता घरी काय नेणार? हिनं तर सांगितलंय आणा. निघालो, तर फाटकापाशी, पिंपाच्या बाजूला, तिथेच, आमच्या जागेवर, एक नवा माणूस. टेबलावर टोमॅटो, चांगले पुसलेले. समोर कुणी नाही. पिंपावर कावळा. आणि तो असा बघत होता माझ्याकडे, की मला पुढे जाववेना. मी थांबलो. पिशवी पुढे केली. म्हणालो, "टोमॅटो..."

आणि वाक्य पुरं व्हायच्या आत मागे कुणीतरी म्हणालं, "काका, रांग इथूनच का?"

वळून बघितलं, तर मागे चौघं. आणि एक कुत्रा, बसलेला. आणि पलीकडे झाडाखालून आमची धाकटी, दोन्ही हात कमरेवर, थेट आईसारखी, माझ्याकडे बघत होती. आता मला सांगा, ह्यात माझं काय चुकलं? मी एक शब्द बोललो हो. तोसुद्धा अर्धाच.